नमनाला घडाभर तेल: गेम कंपनीने प्रदर्शनातलं सादरीकरण कसं सुधारावं

मागच्या प्रदर्शनातल्या आपल्याच कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग काढा आणि स्टॉपवॉच घेऊन बसा. कागदावर तीन रकाने आखा: प्रत्यक्ष खेळला जाणारा गेम, संगणकावर आधीच रेंडर केलेले (बनवून ठेवलेले) ट्रेलर, आणि स्टेजवर बोलणारी माणसं. सेकंद मोजत जा. पहिला गेम कितव्या मिनिटाला दिसला, तेही टिपून ठेवा. पहिला रकाना सगळ्यात बारका निघाला किंवा पहिला गेम पाचव्या मिनिटानंतर आला, तर दुखणं तिथेच आहे. महागडी एलईडी भिंत लावून ते बरं होत नाही.

बघणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात. हा गेम खेळताना कसा वाटतो, आणि माझ्या हातात कधी येणार. कार्यक्रमातला प्रत्येक भाग यापैकी एकाचं उत्तर देत नसेल, तर तो कापायचा.

क्रम आधी, संहिता नंतर

एकूण वेळ ४५ ते ६० मिनिटं धरा. दिवे मंदावल्यापासून पहिल्या मिनिटाच्या आत गेम पडद्यावर आला पाहिजे. स्वागत, आभार, 'गेमिंग ही आता जगभरची संस्कृती झाली आहे' छापाचं प्रास्ताविक हे सगळं पहिल्या गेमनंतर, आणि तेही दीड मिनिटात. सगळ्यात मोठा गेम शेवटी ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण दुसऱ्या क्रमांकाचा गेम सुरुवातीला खर्च करायची तयारी नसेल, तर शेवटच्या गेमपर्यंत निम्मे लोक दुसऱ्या टॅबमध्ये गेलेले असतात. विसाव्या ते तिसाव्या मिनिटाच्या दरम्यान कार्यक्रम हमखास ढेपाळतो. म्हणून तिथे लांब भाषण किंवा भागीदार कंपनीचा पाहुणा नको. हातात खेळून दाखवायचा एखादा छोटा, विनोदी किंवा वेगवान गेम तिथे ठेवा.

विक्रीचे आकडे, बाजारातला वाटा आणि वर्षभराची कामगिरी गुंतवणूकदारांच्या बैठकीत सांगावी. स्टेजवरचा आकडा प्रेक्षकाच्या खिशाशी जोडलेला हवा. ई-थ्री या अमेरिकेतल्या गेम प्रदर्शनाच्या १९९५ च्या पहिल्या वर्षी सेगाने आपल्या सॅटर्न या कन्सोलची किंमत ३९९ डॉलर सांगितली होती. त्यानंतर सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, प्लेस्टेशनची किंमत म्हणून '२९९' एवढंच म्हणाले आणि निघून गेले. इतकं छोटं भाषण परवडायला हातात तसा आकडा लागतो, हे मान्य. पण आकडा हातात असूनही त्याच्याभोवती दहा मिनिटांचं भाषण गुंडाळणाऱ्या कंपन्याच जास्त.

छोट्या गेम्सची मालिका दाखवताना वीस गेम्सना प्रत्येकी तीन सेकंद देऊ नका. त्यात कोणालाच न्याय मिळत नाही. सहा गेम्स घ्या, प्रत्येकी १५ ते २० सेकंद द्या, आणि नाव शेवटी झळकवण्याऐवजी तो गेम चालू असेपर्यंत कोपऱ्यात राहू द्या. प्रकाशनाची तारीख आणि गेम कोणत्या कन्सोलवर येणार ही पाटी किमान चार सेकंद स्थिर हवी. लोक तिचा स्क्रीनशॉट काढतात, आणि हलत्या, विरघळत्या अक्षरांचा स्क्रीनशॉट वाचता येत नाही.

काय दाखवायचं, काय झाकून ठेवायचं

नुसता लोगो दाखवणं म्हणजे उधारी आहे. निन्टेन्डोने २०१७ मध्ये 'मेट्रॉइड प्राइम ४'चा फक्त लोगो दाखवला, आणि जानेवारी २०१९ मध्ये काम पहिल्यापासून सुरू करत असल्याचं जाहीर करावं लागलं. उलट बेथेस्डाने 'फॉलआउट ४' जून २०१५ मध्ये सविस्तर दाखवला आणि त्याच वर्षी १० नोव्हेंबरला विक्रीला आणला. लोकांचा उत्साह ओसरायला वेळच मिळाला नाही. गेम यायला दीड वर्षाहून जास्त अवकाश असेल, तर या वर्षी त्याला स्टेजवर जागा न देणंच शहाणपणाचं.

दुसरी चूक, म्हणजे गेम असेल त्याहून देखणा दाखवणं, जास्त महागात पडते. 'वॉच डॉग्ज' २०१२ मध्ये दाखवला गेला आणि २०१४ मध्ये बाजारात आला, तेव्हा लोकांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून फरक मोजले. तुमच्या गेमचीही अशी तुलना होणार हे धरून चाला. ज्या कन्सोलवर गेम विकणार त्याच कन्सोलवरचं चित्रण दाखवा. ताकदवान पीसीवरचं असेल तर तसं पडद्यावर लिहा, आणि 'इन-इंजिन' (गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच बनवलेलं) या शब्दाआड लपू नका. इंजिनमध्ये तयार केलेलं दृश्य आणि कंट्रोलर हातात घेऊन खेळलेलं दृश्य यांतला फरक आता शाळकरी पोरांनाही कळतो.

स्टेजवरचा लाइव्ह डेमो

सगळ्यात जास्त श्रम इथे घाला. डेमो सहा ते आठ मिनिटांचा असावा. त्यासाठी गेमच्या कोडची मुख्य कामापासून वेगळी शाखा काढा आणि कार्यक्रमाच्या किमान दहा दिवस आधी बिल्ड, म्हणजे गेमची चालणारी आवृत्ती, गोठवा. त्यानंतर फक्त गेम बंद पाडणाऱ्या चुका दुरुस्त करायच्या. 'एवढं एक टेक्श्चर बदलू' म्हणत आदल्या रात्री केलेला बदलच स्टेजवर घात करतो. दर ६० ते ९० सेकंदांवर एक चेकपॉइंट, म्हणजे पुन्हा सुरुवात करायची जागा, ठेवा आणि तिथे थेट उडी मारणारं बटण द्या. डीबग (चुका शोधायच्या) मेनूची बाकी सगळी बटणं बंद करा. मशीनवरची अपडेट, नोटिफिकेशन, स्क्रीनसेव्हर आणि कंट्रोलर आपोआप झोपण्याची सोयही बंद करा.

कंट्रोलर वायरचाच हवा. २०१० च्या ई-थ्रीमध्ये निन्टेन्डोचे शिगेरू मियामोटो 'स्कायवर्ड सोर्ड' हा गेम खेळून दाखवत होते आणि पडद्यावरची तलवार हाताचं ऐकेना. सभागृहातल्या वायरलेस लहरींचा अडथळा होता. तुमच्या तालमीच्या वेळी सभागृह रिकामं असतं. कार्यक्रमाच्या वेळी तिथे हजारो फोन असतात आणि त्यातले बरेच २.४ गिगाहर्ट्‌झवरच बोलत असतात. म्हणजे तालमीत सुरळीत चाललेला वायरलेस कंट्रोलर कसलीच हमी देत नाही. गेमला वायरलेसच लागत असेल, तर तो भाग आधी चित्रित करून दाखवा आणि तसं सांगा.

आता एक उडी जवळून बघू. खेळणारा बटण दाबतो. चित्र मशीनमधून निघतं, चित्रांची निवड करणाऱ्या स्विचरमधून जातं, आकार बदलणाऱ्या स्केलरमधून जातं, एलईडी भिंतीच्या प्रोसेसरमधून जातं. वाटेत पाच-सहा फ्रेमचा उशीर सहज होतो. सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशोबाने एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे सहा फ्रेमचा उशीर १०० मिलिसेकंदांचा झाला. खेळणाऱ्याने मान वर करून भिंतीकडे बघत उडी मारली, तर ऑफिसात शंभरदा जमलेली उडी इथे दरीत जाते, आणि प्रेक्षकांना वाटतं गेमच जड आहे. म्हणून खेळणाऱ्यासमोर मशीनला थेट जोडलेला, 'गेम मोड' (उशीर कमी करणारं सेटिंग) चालू असलेला छोटा मॉनिटर ठेवा, आणि भिंत त्याच्या पाठीमागे येईल असं त्याला उभं करा.

दोन मशीनवर एकच बिल्ड चालू ठेवा. दुसऱ्या मशीनवर विंगेत एक जण तोच मार्ग एक चेकपॉइंट मागे राहून खेळत असतो. तिसरा आधार म्हणजे आधी चित्रित केलेला तोच डेमो. पहिलं मशीन अडकलं की दुसरं, तेही गेलं की चित्रण. हा निर्णय स्टेजवरच्या माणसाने घ्यायचा नाही. कोणत्या क्षणी काय बदलायचं ते शो कॉलर, म्हणजे पडद्यामागून कार्यक्रम चालवणारा, ठरवतो, आणि अडकल्यापासून आठ सेकंदांच्या आत. चित्रणावर गेलात की निवेदकाने सरळ सांगावं, 'मशीन रुसलं आहे, पुढचा भाग रेकॉर्डिंगवर बघू.' लोक हसून सोडून देतात. मात्र हातात कंट्रोलर धरून रेकॉर्डिंग 'खेळणारा' माणूस पकडला गेला, की पुढची पाच वर्षं त्याचे मीम फिरतात.

खेळणारा आणि बोलणारा वेगवेगळे असावेत. एकाच माणसाने दोन्ही केलं की त्याचं बोलणंही अडखळतं आणि नेमही. खेळणाऱ्याने यंत्रासारखं अचूक खेळू नये. एखादा फटका खावा, वळून आजूबाजूला बघावं. पण कॅमेरा सावकाश फिरवावा, कारण मोठ्या पडद्यावर झटक्याने फिरणाऱ्या चित्राने पुढच्या रांगांना गरगरतं. आणि हात जोडून विनंती: अनेकांनी मिळून खेळायचा गेम दाखवताना खेळाडूंच्या तोंडी लिहून दिलेल्या गप्पा घालू नका. 'वा मित्रा, काय सुंदर सूर्यास्त! चल, शत्रूच्या तळावर हल्ला करू!' असं हेडफोन लावून कोणीही बोलत नाही.

बोलणारी माणसं

ज्याने तो भाग बनवला त्याला बोलू द्या. तो थोडा अडखळला तरी चालेल. मिनिटाला १२० ते १३० शब्द या गतीने दीड मिनिटाला दोनशेच्या आत शब्द बसतात. त्याहून लांब मजकूर आला तर लेखकाकडे परत पाठवा. प्रॉम्प्टरवर, म्हणजे बोलणाऱ्यासमोरच्या मजकुराच्या पडद्यावर, पूर्ण वाक्यांऐवजी मुद्दे दिले की डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना दिसत नाहीत, पण हे फक्त सराव असलेल्यांसाठी. नवख्याला पूर्ण मजकूर द्या. टाळ्यांसाठी थांबायची जागा संहितेत लिहू नका. टाळी आलीच नाही, तर ती शांतता घरी बसलेल्या प्रेक्षकाला सभागृहापेक्षा जास्त टोचते.

तालमी किमान तीन. पहिली वाचनाची. दुसरीत मुद्दाम डेमो बंद पाडायचा, माइक काढून घ्यायचा, ट्रेलर चुकीचा लावायचा, आणि कोण काय करतं ते बघायचं. तिसरी रंगीत तालीम: प्रत्यक्ष स्टेजवर, दिव्यांसकट, घड्याळ लावून. वेळ कमी पडली तर पहिली सोडा, दुसरी नको.

सभागृह छोटं, प्रक्षेपण मोठं

समोर बसलेल्यांपेक्षा प्रक्षेपण बघणारे कितीतरी पटींनी जास्त असतात. निन्टेन्डोने २०११ पासून 'डायरेक्ट' हे आधी चित्रित केलेले कार्यक्रम सुरू केले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ई-थ्री कायमचं बंद झाल्याची घोषणा झाली. सोनीने २०१८ मध्ये आपला कार्यक्रम एका गेमसाठी खास सजवलेल्या तंबूत सुरू केला आणि मग प्रेक्षकांना दुसऱ्या सभागृहात हलवलं. तेवढा वेळ प्रक्षेपणात मध्यांतराच्या गप्पांनी भरून काढावा लागला. सभागृहासाठी सुचलेली प्रत्येक कल्पना फोनच्या पडद्यावर तपासून बघा.

सभागृहाचा आवाज आणि प्रक्षेपणाचा आवाज वेगवेगळ्या मिक्सरवर बांधा. सगळे ट्रेलर एकाच लाउडनेसला आणा, नाहीतर बोलण्यानंतरचा पहिला स्फोट कान फाडतो. प्रक्षेपणाचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, मर्यादित असल्यामुळे काळोखी दृश्यांत चौकटी उमटतात आणि पाऊस, बर्फ, उडती पानं यांचा चिखल होतो. भुयारातला डेमो निवडला असेल तर ब्राइटनेस वाढवलेलं वेगळं सेटिंग ठेवा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट कुठेही नको, ट्रेलरमध्येही आणि स्टेजच्या दिव्यांतही. फ्लॅशमुळे फेफरं येणारे प्रेक्षक असतातच. ट्रेलरमधल्या गाण्याचा परवाना थेट प्रक्षेपणासाठी आणि इतरांच्या पुनःप्रक्षेपणासाठी आहे का, ते लेखी तपासा. नसेल तर तुमचा कार्यक्रम दाखवणाऱ्या स्ट्रीमरचाच आवाज बंद पडतो. दुभाषे आणि कॅप्शन करणाऱ्यांना संहिता ४८ तास आधी द्या, सोबत गेममधल्या नावांच्या उच्चारांची यादीही.

स्टॉल

स्टेजवर दाखवलेलाच भाग खेळायला मिळावा. मग रांगेचं गणित करा. आठ मशिनं, १५ मिनिटांचा डेमो, माणसं बदलायला तीन मिनिटं: तासाला साधारण २६ जण, आठ तासांत २१० च्या आसपास. रांगेतला चाळिसावा माणूस सव्वा ते दीड तास उभा राहणार. डेमो दहा मिनिटांवर आणि अदलाबदल दोन मिनिटांवर आणली, तर हाच आकडा ३२० होतो. एकही मशीन न वाढवता शंभर लोक जास्त. रांग कुठे बंद करायची ती खूण जमिनीवर पट्टी चिकटवून करा आणि 'इथून एक तास' अशी पाटी लावा.

डेमोची सुरुवात शिकवणीच्या पडद्यांनी करू नका. पहिल्या ३० सेकंदांत खेळाडूने काहीतरी मारलं, उडवलं किंवा सोडवलं पाहिजे. ७५ सेकंद कोणी बटण दाबलं नाही तर गेम आपोआप पहिल्या पडद्यावर यावा, आणि मदतनिसासाठी दोन बटणं एकत्र दाबून रीसेट व्हावा. भाषेची निवड पहिल्याच पडद्यावर हवी. कंट्रोलर, केबल आणि हेडफोन २५ टक्के जादा घ्या. सगळ्यात आधी हेडफोनची वायर मरते, कारण लोक उठताना ती गळ्यात विसरतात. एक गेमिंग पीसी आणि मॉनिटर मिळून ६०० वॉट धरले तर आठांना जवळपास पाच किलोवॉट लागतात. दिवे आणि मोठा पडदा वेगळे. वीजजोडणी त्या हिशोबाने आधीच मागवा. मदतनिसांची पाळी दोन तासांची ठेवा. तिसऱ्या तासाला आवाज बसतो आणि हसू आटतं.

वयाचे नियम आयोजकांकडून लेखी घ्या. कोलोनच्या गेम्सकॉममध्ये वयानुसार रंगीत मनगटपट्ट्या देतात, आणि प्रौढांसाठीच्या गेमचा पडदा बाहेरून दिसणार नाही अशी बंद जागा लागते. मोकळ्या स्टॉलचा आराखडा करून तिथे पोहोचलात, तर ऐनवेळी काळे पडदे शोधत फिराल.

त्याच मिनिटाला

ट्रेलर संपताना स्टोअरवरचं पान उघडलेलं असावं. पान तपासणीला आठवडाभर आधी पाठवा. पत्रकारांच्या किटमध्ये ३८४० बाय २१६० चे दहा स्क्रीनशॉट, अक्षरं नसलेला ट्रेलर, पाच मिनिटांचं निवेदनाविना चित्रण आणि एका पानाची माहिती पुरे. एम्बार्गोची, म्हणजे बातमी छापायला मोकळीक मिळण्याची, वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहा, नाहीतर घड्याळाच्या गोंधळात कोणीतरी तासभर आधी छापतो.

स्टॉलवरच्या बिल्डमध्ये खेळाडू कुठे मेला, कुठे अडकला आणि कोणत्या क्षणी हेडफोन काढून उठला, याची नोंद ठेवणारा लॉग घाला. रोज संध्याकाळी हॉल बंद झाला की तो उतरवून घ्या. पन्नास जण एकाच दारापाशी अडकले असतील, तर त्याच रात्री त्या दारावर दिवा लावा. स्टॉलच्या बिल्डला गोठवण्याचा नियम एवढ्यापुरता मोडायला हरकत नाही, फक्त बदललेलं बिल्ड सकाळी आधी एकाच मशीनवर तासभर चालवून बघा.