टीम सांभाळताना मानसशास्त्राच्या नावाखाली होणाऱ्या या चुका टाळा

एखादा माणूस कामात चुकला की आपण आधी त्याचा स्वभाव काढतो. उशिरा आला, म्हणजे आळशी. रिपोर्ट चुकला, म्हणजे निष्काळजी. मीटिंगमध्ये गप्प बसला, म्हणजे त्याला इंटरेस्टच नाही. आपण स्वतः उशिरा पोचलो, तर मात्र हिंजवडीचं ट्रॅफिक आडवं आलेलं असतं.

1967 साली मानसशास्त्रज्ञ एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना क्यूबाचा साम्यवादी नेता फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले. ‘बाजू लेखकाने निवडलेली नाही, त्याला नेमून दिलेली आहे’ असं स्पष्ट सांगूनही वाचणाऱ्यांना वाटत राहिलं की बाजूने लिहिणारा मनातूनही थोडाफार कॅस्ट्रोवादीच असणार. परिस्थितीचा दबाव डोळ्यांसमोर असूनही आपण वागण्याचं खापर स्वभावावरच फोडतो. 1977 मध्ये ली रॉस यांनी याला मूलभूत गुणारोपण दोष असं नाव दिलं. टीम सांभाळणाऱ्याने मानसशास्त्रातली एकच गोष्ट शिकायची झाली तर ती हीच, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ याच सवयीत आहे.

मेमो देऊन फाईल बंद करणं

डिस्पॅचचं उदाहरण घ्या. संध्याकाळी सहाच्या सुमारास तीन-चार गाड्या एकदम गेटवर लागतात. चलन बनवणारा मुलगा सिस्टिममध्ये पार्ट नंबर निवडतोय. डाव्या आणि उजव्या बाजूच्या पार्टचे नंबर यादीत एकाखाली एक आहेत, फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. ड्रायव्हर खिडकीशी घाई करतोय, ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन वाजतोय, ई-वे बिलाचं पोर्टल फिरत राहिलंय. डाव्या पार्टच्या मालावर उजव्याचं चलन जातं आणि माल परत येतो. दुसऱ्या दिवशी मुलाच्या हातात मेमो पडतो. महिनाभराने त्या खुर्चीवर दुसरा मुलगा बसवतात, आणि तोही नेमकं हेच करतो.

इथे हॅरोल्ड केली यांची 1967 ची मांडणी फार उपयोगी पडते. चूक होण्याचं कारण माणसात आहे की बाहेर, हे ठरवण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या. त्या जागेवर बसणारे इतरही असेच चुकतात का? हा माणूस बाकीच्या कामांतही चुकतो, की फक्त याच कामात? आणि चूक नेहमी होते, की ठरावीक वेळी? इतर कोणी चुकत नाही, हा मात्र सगळ्याच कामांत आणि सारखा चुकतो, असं दिसलं तर माणसाशी बोला. इतरही चुकत असतील, हाही फक्त इथेच चुकत असेल, तर यादीतले नंबर एकमेकांपासून लांब ठेवा, डाव्या-उजव्याला रंग द्या, गाड्यांना वेळा वाटून द्या. स्वभाव सुधारायला वर्षं लागतात, यादी एका दुपारी सुधारते.

पैसे वाढवले की उत्साह वाढेल, असं धरून चालणं

ट्रेनिंगमध्ये मास्लोचा पिरॅमिड हमखास दाखवतात: आधी पोट, मग सुरक्षितता, मग मान. अब्राहम मास्लो यांनी गरजांची ही उतरंड 1943 च्या लेखात मांडली, पण त्या लेखात पिरॅमिडचं चित्र नाही, आणि खालची पायरी पूर्ण भरल्याशिवाय वरची सुरूच होत नाही असंही त्यांचं म्हणणं नव्हतं. तेव्हा ‘याचं अजून होमलोन चालू आहे, याला मानाचं काय पडलंय’ हा निष्कर्ष मास्लोच्या नावावर खपवू नका.

रोजच्या कामाला फ्रेडरिक हर्झबर्ग जास्त जवळचे वाटतात. त्यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंटच्या मुलाखती घेतल्या आणि 1959 मध्ये निष्कर्ष मांडले. पगार, कंपनीचे नियम, साहेबाचं वागणं बिघडलं की माणूस नाराज होतो, पण हे सगळं ठीक केलं की फक्त नाराजी जाते. उमेद येते ती कामातून, जबाबदारीतून, केलेल्या कामाची दखल घेतल्याने. त्यांच्या पद्धतीवर नंतर टीकाही झाली, पण ‘इन्क्रिमेंट दिलं तरी हा मरगळलेलाच कसा’ या प्रश्नाचं उत्तर इथून शोधायला सुरुवात करता येते. याचा अर्थ पगार थकवून कौतुकावर भागवा असा मुळीच नाही. पगार वेळेवर आणि रास्त हवाच, मग पुढचं बोलायचं.

फीडबॅक माणसावर देणं

‘फीडबॅक द्या, सुधारणा होते’ हे इतकं सर्रास बोललं जातं की कोणी तपासतच नाही. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये तोवरची संशोधनं एकत्र मांडली. सरासरीने फीडबॅकचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा त्याने कामगिरी घसरली. लक्ष कामावरून हटून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की फीडबॅक उलटतो, असं त्यांनी कारण दिलं.

म्हणून ‘तू फार कॅज्युअल आहेस’ म्हणू नका. ‘मंगळवारच्या शीटमध्ये जीएसटीचा कॉलम जुन्या दराने गेला, पुढच्या वेळी पाठवण्याआधी मास्टरशी ताडून बघ’ असं म्हणा. पहिल्या वाक्यावर माणूस रात्री घरी जाऊन जळफळतो. दुसऱ्यावर त्याला लगेच काहीतरी करता येतं.

अप्रेझलच्या वेळी आणखी एक खबरदारी घ्या. एडवर्ड थॉर्नडाइक यांना 1920 मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेल्या मार्कांत दिसलं होतं की एका गुणात चांगला वाटलेला माणूस बाकी गुणांतही चांगलाच ठरतो. आपल्याकडे फर्ड्या इंग्रजीत बोलणाऱ्याला ‘टेक्निकल’च्या रकान्यातही चार मिळतात, ते यामुळेच. एका माणसाचे सगळे रकाने सलग भरण्याऐवजी एक रकाना घेऊन सगळ्या टीमला गुण द्या, मग दुसरा रकाना.

शांत मीटिंगला एकमत समजणं

‘कोणाला काही शंका?’ असं विचारून दोन सेकंद थांबायचं आणि ‘चला, मग ठरलं’ म्हणायचं, ही आपल्या ऑफिसांतली सर्वांत महागडी सवय आहे. सॉलोमन अ‍ॅश यांच्या 1950 च्या दशकातल्या प्रयोगांत समोरच्या तीन रेघांपैकी नमुन्याएवढी रेघ कोणती, इतकंच सांगायचं होतं. गटातले बाकीचे सगळे प्रयोगकर्त्याला सामील होते आणि ठरवून चुकीचं उत्तर देत. अशा फेऱ्यांत खऱ्या सहभागींची जवळपास एक तृतीयांश उत्तरं गटाच्या चुकीच्या उत्तराशी जुळली. मात्र गटातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी हे प्रमाण झपाट्याने खाली येई. उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या रेघांबाबत हे होतं, मग समोर अप्रेझल करणारा साहेब बसलेला असताना ‘सर, ही डेट जमणार नाही’ कोण म्हणेल?

एमी एडमंडसन रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या, तेव्हा आकडे उलटे दिसले: चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. त्या टीम जास्त चुकत नव्हत्या, तिथे चूक सांगायची भीती कमी होती. 1999 मध्ये त्यांनी टीममधल्या मानसिक सुरक्षिततेची कल्पना मांडली. तेव्हा तुमच्या टीममधून महिनोन्‌महिने एकही चूक कानावर आली नसेल, तर खूश होण्याआधी चौकशी करा.

उपाय साधे आहेत. साहेबाने स्वतःचं मत सर्वांत शेवटी सांगावं. बोलण्याआधी प्रत्येकाला अडचण चिठ्ठीवर किंवा चॅटवर लिहू द्यावी. सर्वांत ज्युनिअर माणसापासून सुरुवात करावी. आणि पहिला जो कोणी ‘जमणार नाही’ म्हणेल, त्याला तिथल्या तिथे झापू नये. सगळी टीम तोच क्षण बघत असते.

टेस्ट करून माणसाला लेबल लावणं

बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्ये वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास त्याचं’ वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच दिलं होतं, आणि त्यातली वाक्यं बरीचशी ज्योतिषाच्या पुस्तकातली होती. ‘रिझल्ट अगदी तंतोतंत जुळला’ एवढ्यावरून कोणाला सेल्समध्ये टाकायचं आणि कोणाला बॅक ऑफिसला, हे ठरवू नका.

थकव्यावर योगाचं सेशन हाच उपाय समजणं

योग चांगलाच, पण निदान आधी. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या, न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था अशी केली आणि त्याची गणना आजारांत न करता कामाशी निगडित स्थितींत केली. सतत दमलेपण, कामाबद्दल परकेपणा किंवा कडवटपणा, आणि हातून काही होत नाही ही भावना, ही तिची लक्षणं. पुन्हा तोच प्रश्न: हा एकटाच दमलाय, की त्या प्रोजेक्टवरचे सगळेच? सगळेच असतील तर श्वासोच्छ्वास शिकवण्याआधी रात्री अकराचे कॉल बंद करा, दोन माणसांचं काम एकाकडे आलंय ते वाटा, सुट्टीवर गेलेल्याला फोन करू नका.

एखाद्याची झोप उडाली असेल, रडू येत असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर तिथे टीम लीडने मानसशास्त्रज्ञ होऊ नये. शांतपणे ऐकावं, कामाचा भार लगेच कमी करावा, जे ऐकलं ते चहाच्या टपरीवर नेऊ नये, आणि तज्ज्ञाकडे जायला मदत करावी. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक पॅन्ट्रीतल्या नोटीस बोर्डवर लावा, म्हणजे तो कोणाला साहेबाकडे मागावा लागणार नाही.