दारू आणि डिप्रेशन दोन्ही असेल तर काय करायचं
घरात कोणी रोज पितंय आणि सोबत उदासपणा, झोप उडालेली, तर आधी दारू सुटू दे मग डिप्रेशनचं बघू असं करत बसू नका, इलाज दोन्हीचा एकत्रच लागतो. सायकियाट्रिस्टला किती पितो, उदासी दारूच्या आधीची की नंतरची हे खरं सांगा (घरचे समोर असले की पेशंट निम्मंच सांगतो, त्याला थोडं एकटं बोलू द्या). रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी एकदम बंद नका करू हां, फिट येते, भास होतात, जीवावर बेतू शकतं, डिटॉक्स (म्हणजे शरीरातून दारू उतरवणं) डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. सुटल्यावर काही आठवड्यांनी मूड परत तपासतात, कधी आपोआप सुधारतो, नाहीतर गोळ्या-काउन्सेलिंग चालू. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. मरायची भाषा करत असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, बाकी काही सुचत नसेल तर टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.