चार महिने उभी असलेली जुनी बुलेट पुन्हा कशी चालू करावी

जुनी बुलेट किकला दाद देईना की माणूस आधी कार्बोरेटर उघडतो. मीही तेच करायचो. एकदा ताम्हिणी घाटात भर पावसात गाडी बंद पडली. टपरीच्या आडोशाला दोन तास बसून कार्बोरेटर दोनदा साफ केला, जेट फुंकले, फ्लोट हलवून पाहिला. शेवटी चहावाल्यालाच राहवेना. म्हणाला, "पॉइंट बघितला का?" झाकण काढलं तर पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या दोन टोकांचा, स्क्रू ढिला, गॅप शून्य. पाच मिनिटांचं काम निघालं. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी तेल, मग ठिणगी, पेट्रोल सगळ्यात शेवटी.

हे सगळं लिहितोय ते ३५० सीसीच्या कास्ट आयर्न बुलेटसाठी. म्हणजे लोखंडी सिलिंडर, उजव्या पायाला गिअर आणि पॉइंटचं इग्निशन. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, ३४६ सीसी. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली हीच गाडी. हँडल उंच करून, मडगार्ड कापून कोणी तिची स्क्रॅम्बलर केली असेल तरी इंजिन तेच, काम तेच. तसंही चिखल तिला नवा नाही. १९५२ साली जॉनी ब्रिटनने स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल, म्हणजे खडकाळ, चिखलाच्या वाटेवरची शर्यत, ३५० बुलेटवरच जिंकली होती.

हत्यारं

प्लग पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), पॉलिश पेपर, सुती कापड, तेल काढायला परात. पाने मात्र इंची आणा. जुन्या बुलेटचे बरेच नट इंची मापाचे असतात. मिलिमीटरचा पाना "जवळपास" बसतो आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो. पतंगाच्या कागदाचा एक तुकडाही जवळ ठेवा, तो कशाला ते पुढे येईल.

आधी तेल

गाडी बरेच दिवस उभी राहिली की इंजिन ऑइलच्या टाकीतलं तेल पंपातून हळूहळू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरतं. तशीच किक मारली तर किक जड लागते, मागून पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट निघतो आणि ब्रेदर पाइपातून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) तेल उडतं. लोक घाबरून रिंगा गेल्या म्हणतात आणि इंजिन खोलायला देतात. तसं करू नका. पोटाखालचा क्रँककेसचा ड्रेन नट खोला, साठलेलं तेल परातीत घ्या, वॉशर पाहून नट परत लावा. तेल काळं असेल तर तेलाच्या टाकीतलंही काढून नवं २०डब्ल्यू५० भरा. साधारण सव्वादोन लिटर लागतं. थोडं कमी भरा, गाडी चालवून झाल्यावर पट्टीवर बघून पूर्ण करा.

मग ठिणगी

प्लग काढा. इलेक्ट्रोड ब्रशने घासा, गॅप ०.५ मिमीच्या आसपास करा. प्लग कॅपमध्ये खोचा, धातूचा भाग सिलिंडर हेडला टेकवा, स्विच ऑन करून किक फिरवा. ठिणगी निळी आणि टचकन् पडायला हवी. पिवळट, पांगलेली दिसली की पॉइंटकडे वळा.

पॉइंट सिलिंडरच्या मागे, गोल झाकणाखाली असतात. किक हळूहळू फिरवत पॉइंट सगळ्यात जास्त उघडे राहतील तिथे थांबा आणि गेज घाला. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी हवा. टोकं काळी पडली असतील तर पॉलिश पेपरची पट्टी दोन्ही टोकांमध्ये ओढा आणि नंतर कोरं कापड ओढून कचरा काढा. तो कचरा आत राहिला तर नवीन पॉइंटही ठिणगी देणार नाहीत. टोकांवर एका बाजूला खड्डा आणि दुसरीकडे टेकडी दिसली, किंवा पॉइंटमध्येच चटचट ठिणग्या उडताना दिसल्या, तर पॉइंटला जोडलेला कंडेन्सर (ती ठिणगी शोषणारा छोटा डबा) बदला. स्वस्त वस्तू आहे, एक डिकीत ठेवावा.

पॉइंटची टाच कॅमवर घासते तिथे ग्रीसचा ठिपका लावा, अगदी तांदळाच्या दाण्याएवढा. टाच कोरडी राहिली की झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग मागे पडतं. गाडी मंद होते आणि तापते. उलट गॅप जास्त ठेवला तर टायमिंग पुढे सरकतं आणि किक उलटी मारते. एकदा पोटरीला तो तडाखा बसला की पुन्हा गेज न लावता काम करत नाही माणूस.

टायमिंग बघायला पतंगाचा कागद. पॉइंट बंद असताना तो मध्ये धरा आणि हलका ओढत किक फिरवा. कागद सुटतो त्या क्षणी पॉइंट उघडले. तेव्हा पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना) वर येत, माथ्याच्या साधारण ०.८ मिमी खाली असायला हवा. प्लगच्या भोकातून सायकलची तार घालून तिच्यावर खूण करता येते. तार हातात घट्ट धरा, आत पडली तर रविवार गेला.

टॅपेट

इंजिन पूर्ण थंड हवं. सिलिंडरच्या उजव्या अंगाचं छोटं झाकण काढा, आत पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, दिसतात. पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आणा. पुशरॉड चिमटीत धरून फिरवला तर सहज फिरला पाहिजे, वर-खाली मात्र हलता कामा नये. गेजची गरज नाही, बोटांना कळतं. घट्ट ठेवला तर व्हॉल्व्ह जळतो, ढिला ठेवला तर नुसता आवाज होतो. शंका आली तर किंचित ढिला ठेवा.

आता कार्बोरेटर

हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, फ्लोटचं भांडं उघडून पुसा. पायलट जेट हवेने फुंका. तार किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं झालं तर गाडी कधीच नीट आयडलिंग देणार नाही. एअर स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा उघडा. नेमका तो इंजिन तापल्यावरच लावायचा असतो.

किक

उभ्या गाडीत क्लच प्लेटा एकमेकींना चिकटतात. म्हणून क्लच दाबून स्विच बंद ठेवून चार-पाच किका मारा. मग न्यूट्रल, पेट्रोलची तोटी उघडा, थंडी असेल तर चोक. स्विच ऑन करा आणि किक हाताच्या वजनाएवढ्या जोराने खाली दाबत अ‍ॅमीटरकडे पाहा. काटा डिस्चार्जकडून मध्यावर आला की थांबा. डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर) ओढून किक जेमतेम दोन बोटं पुढे ढकला, लिव्हर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या. आता अंगाचं वजन टाकून एकच लांब किक. थ्रॉटल पिळत बसू नका.

चालू झाली की लगेच रेस न देता रॉकरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट अर्धा आटा सैल करा. तेल पाझरलं तर पंप काम करतोय, बोल्ट आवळा. मिनिटभरात काहीच आलं नाही तर इंजिन बंद करा.

गल्लीबाहेर काढण्याआधी मागची चेन पाहा. जिथे ती सगळ्यात ताणलेली असते तिथे अडीच सेंटिमीटर झोळ हवा. ब्रेक केबलला तेल आणि टायरमध्ये हवा.

पुढच्या पावसाळ्यात गाडी लावताना तोटी बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा आणि शेवटी किकने पिस्टन कॉम्प्रेशनवर आणून सोडा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात, ओल आत शिरत नाही.