बटाट्याचे बेणे जमिनीत जाण्याआधी: मर रोगाची डीएनए तपासणी

रब्बी बटाट्याची लागवड ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होते. बेणे शीतगृहातून काढल्यावर लागवडीपर्यंत दहा-पंधरा दिवस हातात असतात. तपासणी करायची ती याच दिवसांत. झाडे कोमेजल्यावर पीसीआरचा (जिवाणूच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणाऱ्या चाचणीचा) अहवाल आणून पीक वाचत नाही. तोवर जिवाणू पाटाच्या पाण्याबरोबर पुढच्या सऱ्यांत पोहोचलेले असतात.

मर किंवा बांगडी रोग राल्स्टोनिया या जिवाणूमुळे होतो. रोगट कंद कापला की आतली कडी, म्हणजे सालीखालचे रसवाहिन्यांचे वर्तुळ, तपकिरी दिसते, दाबल्यावर तिथून पांढुरका चिकट स्राव येतो. पण थंडीत वाढलेल्या पिकाच्या कंदांत हा जिवाणू कडी न रंगवताही दडून राहतो. डोळ्यांनी निवडलेले बेणे निरोगी वाटते आणि ऊन तापले की हिरवीगार झाडे माना टाकतात. असा दडलेला संसर्ग पकडायला डीएनए तपासणी उपयोगी पडते.

तपासण्या अनेकदा नमुन्यातच फसतात. समजा बेण्यात दीड टक्का कंद रोगट आहेत. 10 कंद पाठवले तर त्यात एक तरी रोगट असण्याची शक्यता जेमतेम 14 टक्के. 50 कंदांत ती 53 टक्के आणि 200 कंदांत 95 टक्के होते. म्हणून प्रत्येक लॉटचे 200 कंद पाठवा. 50 किलोच्या 40 गोण्या असतील तर प्रत्येक गोणीतून 5, तेही वरून, मधून आणि तळातून. दोन शेतकऱ्यांचे बेणे एकाच ट्रकमधून आले तरी ते दोन लॉट धरा. फक्त खराब दिसणारे कंद वेचू नका.

कंद धुऊ नका. धुण्याच्या पाण्यातून जिवाणू एका कंदावरून दुसऱ्यावर जातो. सुकी माती हाताने झाडा, कारण मातीतले घटक पीसीआरची अभिक्रिया अडवतात. प्लास्टिकच्या पिशवीत कंद घामेजून सडतात. कागदी पिशवी किंवा कोरी गोणी वापरा. लॉट, जात आणि तारीख लिहा. नमुना सोमवारी-मंगळवारी पाठवा, म्हणजे तो रविवारभर पडून राहणार नाही.

प्रयोगशाळेला तीन गोष्टी विचारा. गाभा कंदाच्या नाळेकडच्या टोकातून, म्हणजे कंद झाडाला जोडलेला असतो तिथून, घेणार का? जिवाणू आधी तिथेच सापडतो. अंतर्गत नियंत्रण चाचणी, म्हणजे अभिक्रिया नीट चालली का हे दाखवणारी जोडचाचणी, लावणार का? बटाट्यातला स्टार्च अभिक्रिया अडवतो आणि रोग असूनही अहवाल ‘नाही’ येतो. बटाट्याचा स्वतःचा डीएनए सापडला तरच त्या ‘नाही’वर विश्वास ठेवता येतो. आणि विषाणू तपासायचे असतील तर आरएनए (डीएनएसारखाच दुसरा जनुकीय रेणू) तपासण्याची सोय आहे का? वाय विषाणू आणि पानगुंडाळी विषाणू आरएनएचे असतात, त्यामुळे साध्या डीएनए पीसीआरमध्ये ते दिसतच नाहीत. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा शेंडा गुंडाळणारा विषाणू मात्र डीएनएचा आहे. सुप्तावस्थेतल्या कंदात विषाणू फार कमी असतात, म्हणून त्यांच्यासाठी कोंब फुटल्यावरच नमुना द्या.

65 अंशांच्या आसपास एकाच तापमानावर तासाभरात उत्तर देणारी लॅम्प ही डीएनए चाचणी सोयीची आहे. पण अभिक्रिया झालेली नळी त्याच खोलीत उघडली तर पुढचे नमुनेही खोटे ‘आहे’ दाखवू शकतात. नमुना न घातलेली, नुसत्या पाण्याची नळीही ‘आहे’ दाखवत असेल तर तो पूर्ण संच रद्द समजा.

रिअल-टाइम पीसीआरच्या अहवालातला सीटी आकडा म्हणजे डीएनए दिसायला चाचणीच्या किती फेऱ्या लागल्या ते; तो जितका कमी, तितका जिवाणू जास्त. 35 च्या पुढचा आकडा काठावरचा. नवा नमुना देऊन पुन्हा तपासा. मेलेल्या जिवाणूचा डीएनएही चाचणीत येतो, हेही ध्यानात असू द्या. स्पष्ट ‘आहे’ आले तर तो लॉट लावू नका. निवडून, औषधात बुडवूनही नको, कारण जिवाणू कडीच्या आत असतो. ते कंद उकिरड्यात किंवा ओढ्यातही टाकू नका.

अहवाल ‘नाही’ आला तरी बेणे कापताना दोन विळ्या ठेवा: एक हातात, दुसरी ब्लीचच्या 1 टक्का द्रावणात. प्रत्येक कंदानंतर विळ्या बदला आणि द्रावण गढूळ झाले की नवे करा.