हबगिअरची सायकल: हब खोलायच्या आधी वायर बघा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कंपन्यांमध्ये सायकलवर येणारे आता थोडेच उरलेत, आणि त्यातही मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या डब्याच्या, पोटात गिअर असलेली सायकल चालवणारे बोटांवर मोजण्याइतके. जे आहेत ते कधी ना कधी रविवारी बजाजनगरात माझ्या दाराशी येतात. मी आयटीआयचा फिटर. आठवडाभर कंपनीत असेंब्लीवर असतो आणि सुट्टीच्या दिवशी सायकल उलटी करून बसतो. येणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "काका, हब गेलं."

हब बहुतेक वेळा गेलेलं नसतं. गिअर बदलणारी वायर ढिली झालेली असते, नाहीतर अ‍ॅक्सलचा नट सुटलेला असतो. तेवढ्यासाठी कुणीतरी हब खोलतो, आतल्या बारीक स्प्रिंगा परातीत काढतो, आणि मग ते खरोखर जातं.

आपल्या भागात ही सायकल का वापरावी, तर काळ्या मातीसाठी. पहिला पाऊस पडला आणि शेतातून गेलेला तुकडा ओलांडला की चिखल टायरला थरावर थर चिकटतो आणि मडगार्डमध्ये घट्ट बसतो. नेहमीच्या गिअरच्या सायकलला चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेलर बाहेर लटकतो, त्याच्यात तोच चिखल दगडासारखा वाळतो. तशा अवस्थेत जोर लावला की डिरेलर वाकून चाकाच्या तारांत जातो. हबगिअरला बाहेर लटकणारं काही नाही. चेन एकाच रेषेत पळते, वर पूर्ण चेनकव्हर बसवता येतं. शिवाय चेन बहुधा साध्या काळ्या सायकलचीच, अर्धा बाय एक अष्टमांश इंची, तालुक्याच्या दुकानातही मिळते. रुंद चेन अरुंद दात्यांवर चालते, अरुंद चेन रुंद दात्यांवर चालत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आत काय आहे ते समजलं की निम्मी दुरुस्ती समजते. सगळ्यात जुना आणि सोपा नमुना म्हणजे इंग्लंडात नॉटिंगहॅमला १९०२ साली सुरू झालेल्या स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब. तो १९३६ साली आला आणि त्याची मूळ रचना आजही साधारण तीच आहे. कंपनी मात्र २००० साली तैवानच्या सनरेसकडे गेली. अ‍ॅक्सलवर मधोमध २० दात्यांचं एक चाक कोरलेलं असतं. ते जात्याच्या मधल्या खिळीसारखं जागचं हलत नाही. त्याच्याभोवती छोटी चाकं एका पिंजऱ्यात फिरतात, आणि सगळ्यांच्या बाहेरून ६० दात्यांची कडी. चेनने कडी फिरवली आणि पिंजऱ्याने हब फिरवला, तर ६० भागिले ८०, म्हणजे पाऊण वेग: हा पहिला गिअर, चढाचा. उलट पिंजरा फिरवला आणि कडीने हब फिरवला, तर ८० भागिले ६०, म्हणजे सव्वापेक्षा थोडा जास्त: हा तिसरा. दुसऱ्यात चेन आणि हब सरळ जोडलेले, मधल्या चाकांचं काही काम नाही. शिमानो कंपनीच्या नेक्सस तीन या तीन गिअरच्या हबमध्ये हेच आकडे ०.७३, १ आणि १.३६ आहेत. आठ गिअरच्या नेक्सस आठमध्ये अशा चाकांचे जास्त संच आहेत. सगळ्यात हलका गिअर ०.५३, सगळ्यात जड १.६१ आणि सरळ जोडणी पाचव्यात.

आता त्या खिळीची गोष्ट. मधलं चाक जागचं हलायला नको, म्हणून अ‍ॅक्सलही हलायला नको. पण तुम्ही पहिल्यात पेडल मारता तेव्हा हबला चेनपेक्षा जास्त पीळ मिळतो, आणि तो जादा पीळ अ‍ॅक्सलला मागे ढकलून मिळतो. तिसऱ्यात हेच उलट, अ‍ॅक्सल पुढे ढकलला जातो. म्हणजे दिवसभर गिअर बदलत राहिलात की अ‍ॅक्सल मागेपुढे झटके खात राहतो. त्याला धरून ठेवतात ते नटाखालचे दोन खास वॉशर. त्यांना एक जीभ असते आणि ती फ्रेमच्या खाचेत बसते. साध्या सायकलच्या गोल वॉशरने हे काम होत नाही. चाक काढून बसवताना पंक्चरवाला हा "वाकडा" वॉशर बाजूला ठेवून सपाट वॉशर लावतो, असं मी बऱ्याचदा पाहिलंय. दोन-चार दिवस सायकल चालते, मग अ‍ॅक्सल फिरतो, वायरची सेटिंग बिघडते, फ्रेमची खाच खराब होते, आणि माझ्याकडे "हब गेलं" येतं.

शिमानोत डावा आणि उजवा वॉशर वेगळा असतो, फ्रेमच्या खाचेच्या कोनानुसारही वेगवेगळे असतात आणि ओळखायला रंग दिलेले असतात. आहेत तेच, आहेत त्याच बाजूला परत लावा. नट १५ चा. ताण ३० ते ४५ न्यूटन-मीटर. टॉर्कपाना घरी नसतो, तर वीतभर लांब, २० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला अठराएक किलोचा जोर, म्हणजे साधारण तेवढं होतं. नव्या सायकलचे नट पहिल्या महिन्यात एकदा परत तपासा.

चालवण्याबद्दल थोडंच सांगतो. गिअर बदलताना पेडलवरचा जोर क्षणभर काढा. थांबवायचं नाही, फक्त सैल सोडायचं. डिरेलरची सवय असलेला माणूस जोरात पेडल मारत गिअर बदलतो, आणि इथे ते उलटं पडतं: आतल्या कुत्र्यांवर, म्हणजे दात्यांत अडकणाऱ्या छोट्या खिटक्यांवर, जोर असताना त्या सुटत नाहीत, आणि सुटल्या तर अर्धवट धरून कोपरे झिजवतात. आठ गिअरच्या हबमध्ये पाचातून चारात येताना हे विशेष जाणवतं, कारण तिथे आतला संच बदलतो. गोलवाडीचा रेल्वे पूल चढताना मध्यावर गेल्यावर गिअर शोधू नका, पायथ्यालाच उतरवून घ्या. त्या बदल्यात हा हब एक सोय देतो जी डिरेलरला नाही: सायकल उभी असतानाही गिअर बदलतो. नगर नाक्याच्या सिग्नलला तिसऱ्यात थांबलात तरी हरकत नाही, उभ्या-उभ्या पहिल्यात आणा.

गिअर जड वाटतो म्हणून हबला दोष देण्याआधी दाते मोजा. पुढे ४४ आणि मागे २० असतील, चाक ७०० चं असेल, तर दुसऱ्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेऱ्याला सायकल साडेचार मीटरच्या वर जाते. मिनिटाला ६० फेरे धरले तर ताशी साडेसोळा किलोमीटर. मागे १८ चं चक्र लावलं की तेच साडेअठरा. मे-जूनमध्ये दुपारच्या पाळीला शहरातून वाळूजकडे निघालं की पश्चिमेचा वारा सरळ छातीवर येतो, त्यामुळे माझा कौल २० कडे. मागचं चक्र बदलणं सोपं आहे: सर्क्लिप नावाच्या एका उघड्या कडीने धरलेलं असतं, स्क्रू-ड्रायव्हरने सर्क्लिप उचकटली की चक्र हातात. डोळ्यांवर चष्मा लावा, ती उडते. पण फार मोठं चक्रही लावू नका. पुढचे दाते मागच्यांच्या साधारण दुप्पट तरी हवेत, नाहीतर हबवर येणारा पीळ वाढतो.

आता मुख्य काम, वायर. स्टर्मीला सायकल दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा आणि उजव्या बाजूच्या नटाला जी खिडकी असते तिच्यातून बघा. बारीक साखळी जिथे आतल्या दांडीला जोडलेली असते तो खांदा अ‍ॅक्सलच्या टोकाशी समपातळीत हवा. बाहेर आला तर वायर ढिली करा, आत गेला तर आवळा. शिमानोच्या तीन गिअरमध्ये उजवीकडे एक छोटा डबा असतो. दुसऱ्यात ठेवून त्याच्या खिडकीतली खूण दोन रेघांच्या मधोमध आणा. सात आणि आठ गिअरमध्ये हँडलवरचा आकडा चारावर आणा. मग चक्राशेजारच्या जोडणीवर दोन छोट्या रेघा शोधा, आठमध्ये पिवळ्या, सातमध्ये लाल. त्या एकमेकींसमोर यायला हव्यात. नसतील तर हँडलजवळची गोल गाठ थोडी-थोडी फिरवा. एकावर नेऊन पुन्हा चारावर आणा आणि परत बघा, कारण पहिल्यांदा जुळलेल्या रेघा वायर बसल्यावर सरकतात. पाच मिनिटांचं काम आहे. पान्याचीही गरज नाही, फक्त उजेडात बसा. त्या रेघांवर मातीचा थर असतो, आधी ओल्या फडक्याने पुसा.

जुन्या एडब्ल्यूबद्दल एक गोष्ट जपा. वायर बिघडली की दोन आणि तीनच्या मध्ये एक रिकामी जागा येते. तिथे पेडल नुसतं फिरतं, काहीच धरत नाही. उभं राहून पेडल मारताना हे झालं तर माणूस फ्रेमच्या नळीवर आपटतो. म्हणून अशा सायकलची सेटिंग तपासेपर्यंत सीटवर बसूनच चालवा.

दोष कुठे आहे ते असं ओळखतो. गिअर एका दिशेने झटकन बदलतात आणि उलट दिशेने रेंगाळतात, तर वायर आउटरमध्ये, म्हणजे वरच्या नळीत, अडकतेय: धूळ, गंज किंवा कुठेतरी दाबलेला आउटर. आपल्याकडे उन्हाळाभर धूळ बसते आणि पहिल्या पावसात तिचा लगदा होतो, त्यामुळे जून-जुलैत हीच तक्रार जास्त. तेल ओतण्यापेक्षा वायर-आउटर दोन्ही बदला, फार खर्च नाही. जुनी काढायच्या आधी वायरवरचा कसायचा बोल्ट आउटरच्या टोकापासून किती अंतरावर आहे ते मोजून लिहून ठेवा. नवी त्याच मापाला बांधा, सेटिंग एका फटक्यात येते. सगळेच गिअर थोडे-थोडे घसरत असतील तर वायरचा ताण चुकलाय. सेटिंग अचूक आहे, वायर मोकळी आहे, अ‍ॅक्सल घट्ट आहे, आणि तरीही ठरावीक एकाच गिअरमध्ये जोर लावला की कट्ट करून सुटतं, तेव्हाच आत काहीतरी झिजलंय असं समजा. टिकटिक आवाज हा दोष नाही. एडब्ल्यू दुसऱ्या-तिसऱ्यात टिकटिकतो आणि पहिल्यात गप्प असतो, ते तसंच असतं.

पंक्चरची लोकांना उगाच धास्ती असते. वेडी बाभूळ आणि सराटा असलेल्या मुलखात पंक्चर होणारच. पण आपले पंक्चरवाले काळ्या सायकलचं मागचं चाक काढतात का? नाही. एका बाजूने टायर उतरवून ट्यूब बाहेर ओढतात, पाण्यात बुडवतात, ठिगळ लावतात. तेच करा. चाक काढावं लागतं ते टायर-ट्यूब बदलताना. नेक्सस तीनला डब्याचा एक स्क्रू सैल करून डबा वायरसकट बाहेर ओढा, आतली बारीक दांडी काढून खिशात घाला, ती वाळूत पडली की सापडत नाही. सात-आठला हँडल एकावर आणा म्हणजे वायर सैल होते, आउटर खाचेतून काढा, मग जोडणीच्या चाकाला असलेल्या छिद्रात दोन मिलिमीटरचा अ‍ॅलन की किंवा तुटकी तार घालून ते थोडं फिरवा आणि बोल्ट सोडवा. पहिल्यांदा घरी करून बघा. रात्रपाळी सुटल्यावर रस्त्याकडेला शिकण्यासारखं हे नाही. चाक परत बसवताना चेनला मधोमध साधारण अर्धा इंच झोल ठेवा. अगदी ताणलेली चेन हबचे छर्रे खाते.

धुण्याचं सांगायचं तर गाड्या धुणाऱ्या सेंटरवर सायकल नेऊ नका. तो फवारा अ‍ॅक्सलच्या सीलमधून पाणी आत घालतो, आणि आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नसते. काळी माती ओली असतानाच मगाने पाणी सोडून काढा. वाळल्यावर खरवडायला लागते आणि तेव्हा रंगही जातो.

तेलाबाबत गावोगाव वेगळं शास्त्र. खोबरेल, गोडेतेल, गॅरेजमधलं जळकं ऑईल, सगळं घातलेलं मी पाहिलंय. खाण्याचं तेल काही महिन्यांत चिकट होतं आणि आतल्या कुत्र्या चिकटून बसतात. गंज सोडवायचा स्प्रे मारला तर आतलं ग्रीस धुऊन निघतं. जुन्या स्टर्मीच्या हबला तेल घालायची टोपी असेल तर महिन्याला हलक्या मशीन ऑईलचे चार थेंब, बस. टोपी नसेल तर तो ग्रीसचा हब आहे, बाहेरून काही घालू नका. शिमानोचं म्हणणं आतलं ग्रीसिंग दोन वर्षांतून एकदा, आणि रोजचा वापर असेल तर ५००० किलोमीटरला. रोज जाऊन-येऊन २० किलोमीटर धरले तर २५० कामाच्या दिवसांत ते भरतात, म्हणजे आपल्यासाठी वर्षाला एकदा. हे काम ज्याने नेक्सस आधी उघडलंय त्याच्याकडूनच करून घ्या, पुण्याला न्यायला लागलं तरी चालेल, फक्त चाक न्यायचं असतं. मागे रोलरब्रेक (हबलाच जोडलेला बंद ब्रेक) असेल तर त्याला त्याचंच ग्रीस लागतं. तिथे तेल गेलं तर ब्रेक लागत नाही.

जुनी सायकल घ्यायला गेलात तर चाक उचलून हाताने डावी-उजवीकडे हलवा. रिमला किंचित खेळ चालतो, खडखड नाही. सगळे गिअर एकेक करून पेडलवर जोर देत बघा. मग नटाखाली जीभवाला वॉशर दोन्ही बाजूंना आहे का ते बघा. नसेल तर भाव करताना तो धरा, कारण तो साध्या दुकानात मिळत नाही, मागवावा लागतो, आणि मागवताना हबवर कोरलेला मॉडेल नंबर आणि फ्रेमच्या खाचेचा फोटो दोन्ही पाठवावे लागतात.