बदलून मिळालेली डिस्कही सदोष निघाली तेव्हा

तीन डीव्हीडींच्या नाट्यसंचातील दुसरी डिस्क दर वेळी ७० मिनिटांच्या आसपास अडकू लागली, तेव्हा मी आधी प्लेअरलाच बोल लावला. परंतु शेजाऱ्यांच्या प्लेअरवर आणि संगणकावरही ती नेमकी त्याच प्रसंगाशी थांबल्याने डिस्कच सदोष असल्याची खात्री पटली. मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसूनही (गोलाकार पुसल्याने पडणारा ओरखडा वाचनात अधिक बाधा आणतो) फरक पडला नाही. दिव्यासमोर धरल्यावर मात्र, ०.६ मिलिमीटर जाडीच्या ज्या दोन चकत्या चिकटवून डीव्हीडी तयार होते, त्यांच्यामध्ये मुगाच्या डाळीएवढा बुडबुडा स्पष्ट दिसला.

दुकानदाराने पावती पाहून, फारशी खळखळ न करता, डिस्क बदलून दिली; पण तिच्यातही तसाच बुडबुडा निघाला! दोन्हींच्या आतल्या कड्यावरील बारीक क्रमांक तंतोतंत सारखा होता, म्हणून त्या एकाच खेपेतील असाव्यात असे मी ताडले. मग तो क्रमांक, अडकण्याची वेळ, बुडबुड्याचे छायाचित्र आणि पावतीची प्रत जोडून वितरकाकडे वेगळ्या खेपेतील डिस्क लेखी मागितली. बारा दिवसांनी ती आली आणि दुसरा अंक एकदाचा पूर्ण पाहता आला.