स्पॅनिश पाहुणे ओरडले की काय समजायचं

तारकर्ली-देवबाग साईडला होमस्टे नायतर बोट चालवताय आणि स्पॅनिश बोलणारे पाहुणे आले, तर अख्खी भाषा शिकत बसू नका, ते कशाला ओरडतायत एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

आधी उच्चार. स्पेलिंगमधला एच ते बोलतच नाहीत, जे चा ह नायतर ख होतो, व्ही चा ब. म्हणून डॉल्फिन दिसल्यावर कोणी 'बाया!' ओरडलं तर बायकांना हाक नाय मारत, ते आपलं 'अरे वा' आहे. हाच बाया पडेल आवाजात, लांबवून आला की समजायचं मूड गेला, वारा सुटून बोट कॅन्सल झाली की हमखास ऐकायला मिळतो.

'माद्रे मिया' म्हणजे आपलं अगो बाय माझे, किल्ला बघून पण आणि बिल बघून पण. 'उय!' म्हणजे थोडक्यात वाचलो.

सगळ्यात घोळ 'ओहो'चा!! आपण कौतुकाने म्हणतो, ते म्हणतात म्हणजे सांभाळ, बघ खाली. बोटीत चढताना ऐकलंत तर हसत उभे राहू नका, आधी हात द्या.

'ओस्तिया' आणि 'होदेर' स्पेनवाल्यांच्या तोंडी कायम असतात. पहिला म्हणजे चर्चमध्ये मिस्साला देतात तो प्रसाद, दुसरा सरळ घाण शब्द. पण ऐकून घाबरायचं कारण नाय, आपल्याकडे दोस्तांत 'आवशीचो घो' चालतं ना, तसंच, नुसतं आश्चर्य पण असू शकतं. तुम्ही मात्र बोलू नका, परक्याच्या तोंडून लय वाईट वाटतं. हौस असेल तर 'ओस्त्रास' म्हणा, म्हणजे चक्क कालवं, ओस्तिया म्हणता म्हणता जीभ वळवून केलेला सभ्य शब्द, पोराबाळांसमोर पण चालतो. मेक्सिकोवाले असतील तर 'इहोले!', म्हणजे आपलं बाप रे, तो पण बिनधास्त.

खरा राग वेगळा. 'बास्ता या!' म्हणजे आता बास, तिथे एक्स्प्लेन करत बसायचं नाय, गप ऐकून घ्यायचं आणि जे बिघडलंय ते बघायचं.

आणि मालवणी रस्सा वाढल्यावर 'कोमो पिका!' आलं तर ती तारीफ नाय, तिखट लागलंय, सोलकढी आणा.